सावळाचा चौथा तवा

"धर," म्हणत सावळानं धोतराच्या घडीतून एक चौकोनी, पातळ खोका काढला आणि माझ्या मांडीवर ठेवला. "ह्या खेपंला लई पितळ हाय बघ. म्या गाडीत मोजलं. सत्तावीस जणं हाईत."

खोक्यावर फोटो होता. मागं उंच धुराडं, त्याच्यापुढं तीन रांगांत मांडलेल्या खुर्च्या आणि खुर्च्यांवर काळे कोट घातलेली गोरी माणसं. प्रत्येकाच्या मांडीवर घासून लखलखीत केलेलं वाद्य. एकही माणूस हसत नव्हता.

"कोण रं ही?"

"मला काय म्हाईत? चित्रात पितळ दिसलं की म्या घेतो. फुडचं तुझं तू बघ."

सावळा जावीर माझा चौथीपर्यंतचा सोबती. आमच्या आटपाडी भागातली निम्मी माणसं सोनं गाळायच्या धंद्यात देशभर पांगलेली आहेत. सावळाही बाराव्या वर्षी कलकत्त्याला गेला आणि पुढं तिथंच त्याचं स्वतःचं दुकान झालं. तेजाबानं त्याची बोटं कायमची पिवळी पडली होती. मी होलाराचा पोर. आमच्या घरी बापजाद्यांपासून वाजवायचं काम. माझे चुलते सिदातात्या बँडमास्तर, आणि मी त्यांच्या बँडात क्लॅरिनेट वाजवायचो. एकदा सावळाला कलकत्त्याच्या फुटपाथवर जुन्या रेकॉर्डींच्या ढिगात एक फोटो दिसला. फोटोतल्या माणसाच्या हातात आमच्या बँडात होता तसाच बाजा होता. ओळखीचा माणूस भेटल्यासारखा आनंद झाला म्हणे त्याला. त्यानं ती रेकॉर्ड घेतली आणि मला आणून दिली. तेव्हापासून दर खेपेला तो एक आणायचा. त्याला गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

आमच्याकडे रेकॉर्डला तवा म्हणायचे. हा त्याचा चौथा तवा.

"सोन्याच्या धंद्यातला माणूस," ओट्यावरून त्याचा थोरला भाऊ म्हणाला, "आन गावाकडं येताना पितळ घिऊन येतुय."

सावळा हसला नाही. तो ओट्यावरून उतरून माझ्या शेजारी, खालच्या पायरीवर येऊन बसला. भावाला ते आवडलं नसणार, पण सावळाला कुणी काही बोलायचं नाही. घर त्याच्यावर चाललं होतं.

"लखू, एक ऐक," तो हळूच म्हणाला. "आमच्या धाकल्या भैनीच्या, शालनच्या लग्नाला नवऱ्याकडची माणसं सांगलीचा बँड आणणार हाईत. अठरा जणांचा. लाल कोट, सोनेरी झालर. दादा म्हणतुय, आपल्याकडनं इनुसचा कर्णा लावू, बँड कशाला? म्या सांगितलं, बँड लागंल आन तो आपल्या सिदामास्तरचाच. सुपारी तुमाला दिलीया. आता मला तोंडघशी पाडू नगा."

"पाडतुय व्हय?" मी म्हणालो. पण आमच्या बँडाची गत मला ठाऊक होती.

चौऱ्याहत्तर सालचा वैशाख होता तो. दोन वर्षांच्या दुष्काळात लग्नंच झाली नव्हती. झाली ती दोन हारांत उरकलेली. आमच्या बँडातली तिघं ऊसतोडीला गेली ती गेलीच. उरलो नऊ. कोट होते, पण एकाचा रंग दुसऱ्याशी जुळत नव्हता. त्यात इनुस अत्तारानं सांगलीहून लाऊडस्पीकर आणला, आणि लोकांना एका माणसात भागू लागलं. घरी जाऊन मी तात्यांना सुपारीचं सांगितलं तेव्हा ते ढोलाची दोरी आवळत बसले होते.

"सांगलीच्या बँडाम्होरं?" ते म्हणाले. "ब्येस. इज्जतीत वाजलं तर पुढच्या साली चार लग्नं मिळतील. हसं झालं, तर म्या वाद्यं मोडीत घालणार. मग तूबी कोयता घे आन मीबी घेतो."

तात्या उगाच बोलणारे नव्हते. लग्नाला आठ दिवस होते.

तवा वाजवायचं यंत्र गावात एकच, तेही इनुसकडं. म्हणजे ज्याच्या कर्ण्यानं आमचा धंदा बसवला, त्याच्याच दुकानात जाऊन आम्ही आमच्या धंद्याचं शिकायचो. इनुस मात्र मोकळ्या मनाचा माणूस. यंत्र जुनंपानं घेतलेलं, त्याची एक कळ मोडून नुसता खुंट उरला होता, पण चालायचं. त्याच्याजवळ सिनेमाच्या गाण्यांचे लहान तवे होते. सावळाचे हे मोठे तवे गावात फक्त माझ्याकडं.

आणि त्या मोठ्या तव्यांमधून काय एकेक माणसं भेटली होती मला! पहिल्या तव्यावर छत्रीएवढ्या टोप्या घातलेले लोक. त्यांना आम्ही टोपीवाले म्हणायचो. दोन ट्रंपेट अशी जोडीनं पळायची की एक चुकलं तर दुसरं त्याच्या अंगावर पडावं. दुसऱ्या तव्यावर काळी माणसं रस्त्यानं वाजवत चाललेली. ऐन उन्हात एकानं छत्री धरलेली, म्हणून ते छत्रीवाले. त्यांच्यातला प्रत्येक जण आपलंआपलंच वाजवायचा आणि तरी सगळे एका ठिकाणी येऊन पोचायचे. ते कसं जमतं हे शोधण्यात माझं एक अख्खं वर्ष गेलं. तिसरे फौजवाले. कुठल्या देशाचे होते देव जाणे, पण शंभर माणसं एका दमात श्वास घ्यायची. ह्यातलं कुणीच आमच्या ओळखीचं नव्हतं, कुणाचं नावही आम्हाला वाचता येत नव्हतं. गाणं म्हणणारा त्यांच्यात एकही नव्हता, सगळं नुसतं वाजवणं. पण त्यांच्यापासून मी जे शिकलो ते मला गावात कोण शिकवणार होतं?

चौथ्या खोक्यावरचं इंग्रजी हायस्कूलच्या मास्तरांना दाखवलं. ते म्हणाले, "इंग्लंडातल्या कोळशाच्या खाणीतले कामगार आहेत हे. दिवसभर खाणीत काम करतात आणि सुट्टीत बँड वाजवतात."

"कामगार?" तात्यांना खरं वाटेना. "आन खुर्चीत बसून वाजवत्यात?"

"हो. लोक समोर बसून ऐकतात."

"नाचत न्हाईत?"

"नाही. नुसतं ऐकतात."

तात्यांनी तो खोका हातात घेऊन बराच वेळ न्याहाळला. आम्हाला उभ्या जन्मात कुणी खुर्ची दिली नव्हती.

इनुसनं तवा लावला. तिसरीच धून सुरू झाली आणि मी तात्यांकडं बघितलं, त्यांनी माझ्याकडं. तुरुतुरु चालणारी, मध्येच गिरकी घेणारी, हसऱ्या तोंडाची चाल. सूर फार चढा होता, आमच्या वाद्यांच्या टोकाला लागायचा.

"ही माणसं श्वास कवा घेत्यात रं?" तात्या म्हणाले. "खाणीत राहून छातीचा भाता झाला असंल ह्यांचा."

"तात्या, हीच. परण्याला हीच."

"बसव," तात्या म्हणाले.

मी ती चाल खालच्या सुरात उतरवून घेतली. आठ दिवस, ऊन कलल्यापासून दिवेलागणीपर्यंत, ओढ्याकाठच्या चिंचेखाली नऊ जण घासत होतो. सातव्या दिवशी गुरं घेऊन चाललेल्या बाया थांबून ऐकायला लागल्या, तेव्हा तात्यांनी पहिल्यांदा पान खाल्लं.

परण्या म्हणजे लग्नाआधी नवरदेवाला घोड्यावरून मारुतीच्या दर्शनाला नेतात ती मिरवणूक. आमच्याकडं त्या वेळी दोन्ही बाजूंचे बँड मारुतीच्या पारापुढं आमनेसामने उभे राहतात. एकानं वाजवायचं, मग दुसऱ्यानं. निकाल कुणी देत नाही, पण तो सगळ्या गावाला कळतो.

सांगलीचा बँड उतरला तेव्हाच अर्धा गाव त्यांचा झाला. एकसारखे लाल कोट, पांढरे मोजे. त्यांचे दत्तोबा मास्तर हातात चांदीच्या मुठीची काठी घेऊन पुढं. त्यांनी त्या साली गाजत असलेलं सिनेमाचं गाणं घेतलं. पोरं शिट्ट्या मारू लागली. ते थांबले आणि दत्तोबांनी काठीनं आमच्याकडं खूण केली, या म्हणून. त्यांच्या बँडातले दोघंतिघं आमचे कोट बघून हसत होते.

तात्यांनी मान हलवली. मी श्वास घेतला.

पहिल्या चार मात्रांतच कळलं, जमलं. ती धून कुणी ऐकलेली नव्हती, त्यामुळं लोक आधी गप्प झाले आणि मग एकदम हलले. नवरदेव जयसिंगचं घोडं मान उडवत पाय उचलू लागलं. म्हातारी माणसं नाचली. सावळा, ज्याला ओ की ठो कळत नव्हतं, तो फेटा उडवत होता. सांगलीचे लाल कोटवाले हसायचे थांबले. मी वाजवता वाजवता मनात म्हटलं, तात्या, वाद्यं वाचली.

तेवढ्यात दत्तोबांनी काठी वर केली.

"थांबवा! आधी थांबवा ते!"

आम्ही थांबलो. दत्तोबा सरळ नवऱ्याच्या बापाकडं, बापूराव शिंद्यांकडं गेले. रागानं नव्हे, माणूस खरोखरच घाबरलेला दिसत होता.

"बापूराव, ही धून तुमच्या दारात नको. ही मयताची आहे. गोऱ्या लोकांत मयताची पेटी उचलली की ही वाजवतात. माझे वडील एका संस्थानच्या बँडात होते. साहेब वारला तेव्हा मी लहान होतो, पेटीमागनं चालत गेलोय. ह्या पोरांनी ती पळवत वाजवली म्हणून आधी ध्यानात आलं नाही. पण धून तीच. देवाशप्पथ सांगतो."

पारापुढं पाचशे माणसं होती, आणि त्यांतल्या प्रत्येकानं ते ऐकलं.

"परण्याला मयताची धून?" कुणी बाई म्हणाली. मग सगळेच बोलू लागले. बापूरावांचा चेहरा उतरला. त्यांच्या थोरल्या मुलाच्या लग्नात वरात निघताना दिवा विझला होता आणि सहा महिन्यांत सून गेली होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांनी घोड्याचा लगाम धरला.

"घोडं माघारी फिरवा," ते म्हणाले. "मला हे लगीन आज करायचं न्हाई."

आज नाही म्हणजे कधीच नाही. मांडवाच्या तोंडाशी फिरलेल्या वऱ्हाडाच्या नवरीला आमच्या भागात पुन्हा कोण विचारतो? तात्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. सावळाचा थोरला भाऊ माझ्या अंगावर धावून आला.  खरं काय ते मलाच माहीत नव्हतं, मग मी काय सांगणार?

सावळा मध्ये येऊन उभा राहिला.

"त्याला हात लावू नगंस. तवा म्या आणलाय. चित्र बघून आणलाय, आतलं काय मला ठावं न्हाई. चूक असंल तर ती माझी."

"मग भैनीच्या लग्नाची राख तूच केलीस!" भाऊ ओरडला.

 सावळाची ती पिवळी बोटं माझ्या खांद्यावरून हलली नाहीत.

गर्दीतून कुणी तरी म्हणालं, "सुभेदारास्नी इचारा की!"

सुभेदार केरबा शिंदे नवरदेवाचे आजोबा. पारावर घोंगडीवर बसले होते. पलटणीच्या बँडात त्यांनी कॉर्नेट वाजवलेलं, महायुद्धात इटलीपर्यंत जाऊन आलेले. पण त्यांचं नाव दुसऱ्याच गोष्टीसाठी होतं. बांधाच्या खटल्यात त्यांनी सख्ख्या भावाच्या विरुद्ध साक्ष दिली होती, कारण बांध भावानं कोरला होता. त्यांच्या तोंडून खोटं निघालेलं त्या पंचक्रोशीत कुणी ऐकलं नव्हतं. ते जे म्हणतील त्यापुढं बोलायला जागा नाही, हे बापूरावांनाही माहीत होतं आणि दत्तोबांनाही.

"आबा," बापूराव म्हणाले, "तुमी सांगा. हाय का ही मयताची?"

सुभेदारांनी माझ्याकडं बघितलं. नजर कडक होती. "पुन्यांदा वाजव," ते म्हणाले.

"आबा, पुन्यांदा कशाला..."

"वाजव म्हणतो न्हवं?"

आम्ही वाजवली. माझ्या ओठांना नळी लागेना. तात्यांचा ढोल तेवढा ठाम चालला होता, त्याच्या आधारानं आम्ही पोचलो. सुभेदार घोंगडीवरून उठले आणि दोन्ही हात मांडीला लावून ताठ उभे राहिले. धून संपली तरी तसेच. गालांवरून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलं नाही.

"दत्तोबा खरं बोलतुय," ते म्हणाले.

मी डोळे मिटून घेतले.

"पण त्याला अर्धंच ठावं हाय. ही धून मयताचीच. पेटी खांद्यावर असती तवर ती सावकाश वाजवत्यात. एक पाऊल टाकायचं, थांबायचं, मग दुसरं. पण माती दिऊन पलटण माघारी फिरली की तीच धून अशी जलद वाजवत्यात. जवानानं मान वर करून चालावं, मागं वळून बघू नये म्हणून. ह्या पोरांनी वाजवली ती माघारी यायची चाल. जित्या माणसांची. घरला यायची." त्यांनी बापूरावांकडं बघितलं. "सून घरात आणायला ह्याच्यापरीस चांगली चाल म्या तरी ऐकली न्हाई. घोडं फुडं घे."

बापूरावांनी लगाम सोडला.

दत्तोबांनी काठी काखेत धरली आणि वाकून म्हणाले, "मी फक्त पेटीमागनं गेलो होतो, सुभेदार. परत येताना कुणाच्या तरी कडेवर झोपलो होतो." आणि खरंच, त्यांनी येऊन तात्यांचा हात धरला. शालनचं लग्न गोरज मुहूर्तावर लागलं.

रात्री जेवणं उरकल्यावर सुभेदार आमच्या पंगतीच्या कडेला येऊन उभे राहिले. "तो तवा कुठं हाय? मला ऐकायचाय."

मी त्यांना इनुसच्या दुकानात नेलं. इनुसनं तवा लावला. दोन क्षण ऐकून सुभेदार यंत्रावर वाकले.

"वेग बदलायची कळ कुठाय?"

"ही काय," इनुसनं मोडका खुंट दाखवला. "मोडलीया ती. यंत्र घेतलं तवापास्नंच मोडलीया. माझ्या लहान तव्यांना चालतं की त्यावर."

"हा मोठा तवा हाय. ह्याला सावकाश फिरवाय लागतं." आणि सुभेदारांनी बोट तव्याच्या कडेवर टेकवलं.

"आवो, खराब हुईल!"

"हुं दे."

धून खाली उतरली. हेलकावली, जड झाली, आणि मग स्थिर झाली. मी भिंतीला टेकलो. ती आमचीच धून होती आणि नव्हतीही. जिथं आम्ही गिरकी घेत होतो तिथं सत्तावीस माणसं एकदम थांबत होती, छाती भरून श्वास घेत होती आणि पुन्हा उचलत होती. म्हणजे श्वास घ्यायला त्यांना भरपूर जागा होती! मला आठ दिवसांत त्या जागाच ऐकू आल्या नव्हत्या. सुभेदारांनी धून संपेपर्यंत बोट उचललं नाही.

"नेताना असं," ते म्हणाले आणि बाहेर पडले.

इनुस डोक्याला हात लावून बसला. "अल्ला! म्हंजी ते टोपीवालेबी एवढ्या गडबडीत न्हवते?"

नव्हते. नंतर त्यानं पान्यानं खुंट फिरवून यंत्र नीट केलं आणि आम्ही चारही तवे पुन्हा ऐकले. टोपीवाले निवांत निघाले, छत्रीवाले तर चक्क रडत होते. चारही बँड आम्हाला दुसऱ्यांदा भेटले. एवढं देणं एका माणसानं चित्र बघून दिलं होतं.

त्या वर्षी आम्हाला चार नव्हे, अकरा लग्नं मिळाली. लोक 'सुभेदाराची चाल' वाजवा म्हणून हटून बसायचे. वाद्यं मोडीत गेली नाहीत, मी कोयता धरला नाही. तात्या थकल्यावर मास्तर झालो.

बारा वर्षांनी क्लॅरिनेटच्या चाव्या बसवून घ्यायला मी बेळगावला गेलो. दुरुस्तीच्या दुकानात एक पेन्शनर हवालदार बसले होते, पलटणीच्या बँडातले. बोलणं निघालं. मी सहज म्हणालो, "मयताची धून तुमच्यात परतताना जलद वाजवतात ना?"

"कुणी सांगितलं?"

"ऐकलंय."

"छे! परतताना जलद वाजवतात, पण ती धून वेगळी असते. मयताची धून कुणी जलद वाजवली तर बँडमास्तर त्याला कोठडीत टाकील. अशी थट्टा कोण करेल?"

मी दोनतीनदा विचारलं. त्यांनी पलटणीचं नाव विचारलं, मी सुभेदारांच्या पलटणीचं सांगितलं. "तीच माझी," ते म्हणाले. "तीस वर्षं काढलीत तिथं."

मी घरी गेलोच नाही. तसाच सुभेदारांच्या गावाला, लेंगऱ्याला गेलो.

ते अंगणात बाजेवर बसले होते. पंच्याहत्तरी ओलांडलेली, पण पाठ ताठ. मी नमस्कार करून जमिनीवर टेकत होतो तर म्हणाले, "वर बस. बाज मोडत न्हाई." मी बसलो. आत शालनचा आवाज येत होता, कुणा मुलावर ती ओरडत होती.

"सुभेदार," मी म्हणालो, "बेळगावला एक हवालदार भेटले. तुमच्याच पलटणीच्या बँडातले."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. पारावर बघितलं होतं तसंच.

"मग त्याला ठावं असणार," ते म्हणाले.

"म्हंजी त्या दिशी तुमी..."

"खोटं बोललो."

असं सरळ म्हणाले.  एवढ्या मोठ्या माणसानं जन्मभर राखलेली वस्तू आमच्यासाठी, नऊ वाजंत्र्यांसाठी, पाचशे लोकांपुढं खर्ची घातली होती, आणि बारा वर्षं मला त्याचा पत्ता नव्हता. माझे डोळे भरून आले.

"सावळाला सांगितलंस?" त्यांनी विचारलं.

"न्हाई. थेट हिकडं आलो."

"नगं सांगू. चांगल्या मनानं आणलेली वस्तू हाय. त्याला कशाला घोर?"

"पर तुमी कशापायी बोलला? भावासाठीबी खोटं बोलला न्हाईसा."

सुभेदारांनी बाजेची सैल दोरी ओढून ताठ केली. मग म्हणाले, "पयल्यांदा ऐकली त्या वख्ताला वाटलं, उठावं आन वाजवणाऱ्याच्या थोबाडीत द्यावी. इटलीत आमच्या बँडातली सात जणं म्या त्या धुनीवर पुरली. सातवं पुरताना वाजवाय आमी तिघंच उरलो हुतो. तीस वर्सं ती धून कानावर पडू दिली न्हवती. दुसऱ्यांदा तुला वाजवाय लावली ती खात्री करायला. खरं तेच सांगणार हुतो. पर तुमी नऊ जणं भ्यालेली, घामानं भिजलेली, आन तरी अशी वाजवत हुता, अशी वाजवत हुता, की मला त्यातला एकबी मेल्यावाणी वाटंना. सातीच्या साती उड्या मारत येत हुती माझ्याम्होरं. मग मला कोण इचारतंय, ही मयताची हाय का म्हणून. काय सांगू?"

आतून शालन चहा घेऊन आली. मला बघून हसली, "कवा आलासा, मास्तर?" म्हणाली आणि पदराला लोंबकळणाऱ्या पोरीला ओढत परत गेली.

सुभेदारांनी तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"आजबी कुणी इचारलं," ते म्हणाले, "तर त्येच सांगीन."